मळलेली वाघीण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा भरतो, हे विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. चाकांवरचे लाकडी नंदीबैल ओढत पोरे रस्त्याने निघतात. पांढरेशुभ्र अंग, लाल शिंगे, गळ्यात घुंगरू. नंदीवर एवढासा डाग पडला तरी पोर रडून घर डोक्यावर घेते.

मी रिकाम्या वेळी जो उद्योग करतो तो याच्या नेमका उलटा आहे. रेल्वेची इवलीशी मालवाघीण घडवायची, तिला सुरेख रंग द्यायचा, आणि तो वाळला की आपल्याच हाताने मळवायचा! घरच्यांनी आधी मला वेड्यात काढले. तुम्हीही काढाल, पण जरा ऐकून घ्या.

नागपूरहून उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जाणारी छोटी लाईन पुष्कळांच्या आठवणीत असेल. १९०८ साली सुरू झालेली ही लाईन २०१९ साली मोठ्या रुळांसाठी बंद करण्यात आली. छिंदवाड्याची छोटी लाईन तर २०१५ सालीच थांबली होती. दोन रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्या बंडीची चाके यापेक्षा लांब असतात. गाडी गेली, रूळ उखडले. मग मला वाटले, निदान एक वाघीण तरी आपल्या टेबलावर राहावी.

अशा प्रतिकृती करणारे पुष्कळ जण जगभर एक माप पाळतात, खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याचे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथल्या गाड्याही याच मापाच्या. ७६२ ला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, म्हणून आमची छोटी लाईन या मापात बरोबर बसते. साडेपाच फुटी माणूस या हिशेबाने दोन सेंटिमीटरही भरत नाही.

पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचे पत्रे कापून मी वाघीण जोडली. दाराच्या कड्या आणि हाताच्या दांड्या यांना केसासारखी बारीक तार हवी. ती मिळाली मोटर भरणाऱ्याच्या दुकानात, जळालेल्या पंख्याच्या गुंडाळीतून, फुकट! गावात बसून हा नाद करायचा असेल तर त्या दुकानदाराशी मैत्री ठेवा. रंग दिला तो फाटकाला लावतात तसला तांबडा रेड ऑक्साइड. वाघीण दिसू लागली अगदी नवी नवरी.

आमच्या गल्लीत एक वृद्ध काका राहतात. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी मालधक्क्यावर हमाली केली. मोठ्या कौतुकाने मी वाघीण त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट फिरवून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, हे तं कधी कामावर गेलीच नाही."

मला ते लागले. घरी येऊन काळा आणि तपकिरी रंग पातळ केला, वाघिणीला वरून खालपर्यंत फासला, गेरूची पूड करून जागोजागी गंज चढवला. आठ दिवस खपलो. पुन्हा दाखवली. काका हसले. "आता तं भंगारातली झाली. चालती गाडी अशी ऱ्हायते का?"

मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतले. छोट्या लाईनचा माल मोठ्या गाडीत जायचा तर एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, कारण रूळच वेगळे. म्हणजे दाराशी दुप्पट वर्दळ. पोते पाठीवर, हमाल वाकलेला, वळताना पोत्याचा कान दाराच्या चौकटीला घासणार. कुठे घासणार? काकांनी उठून, पाठीत वाकून दाखवले. कमरेच्या वर, खांद्याच्या खाली, डाव्या उजव्या दोन्ही बाजूंना. तेवढ्याच जागेचा रंग जातो, आणि तिथे गंज धरत नाही, कारण रोजच्या घासण्याने लोखंड गुळगुळीत होते. बाबूंच्या खडूच्या खुणा दाराशेजारी, हात पोचेल तितक्याच उंचीवर. पावसाचा ओघळ छपराच्या कडेपासून सरळ खाली, आडवा कधी नाही. कोळशाच्या इंजिनाच्या काळातली वाघीण असेल तर छपरावर काजळी. चाकांपाशी ब्रेकच्या घासणीतून उडालेली तपकिरी भुकटी. आणि सगळ्यात खाली आपली काळी माती.

माझी चूक तेव्हा कळली. मी मळ लावला होता, पण तो कुठून आला हे विचारलेच नव्हते. तुमच्या वखरीची पास कुठे झिजते, कासऱ्याला हात कुठे लागून तो काळा होतो, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. वाघिणीचेही तेच.

कडबी चौकाजवळ मोतीबागेत छोट्या लाईनचे संग्रहालय २००२ पासून आहे. तिथेही जाऊन आलो. मापे मिळाली, कड्या आणि खिळे नीट पाहता आले. पण झिजेच्या खुणा शोधायला गेलो तर वरून नवा रंग! जपायचे तर रंग द्यावाच लागतो, त्याला इलाज नाही. मला हवे होते ते मात्र काकांच्याच पाठीत होते.

तिसऱ्या खेपेला मी हात आखडता घेतला. पातळ रंग लावून मऊ फडक्याने लगेच वरून खाली पुसला, म्हणजे तो फटीत राहतो आणि सपाटीवरून निघून जातो. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त कडा उजळल्या. चौकटीवर पोते घासते तिथे पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले, लोखंडासारखी चकाकी आली. मातीसाठी खरीच माती घेतली, उमरेडकडची, दोनदा वस्त्रगाळ करून.

काकांनी वाघीण हातात घेतली. बोलले काही नाहीत. दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग विचारले, "ठेवू का दोन दिवस?" वाघीण अजून त्यांच्याकडेच आहे. मी दुसरी करायला घेतली.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला नातू नंदी घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "आजोबा, याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा काढून द्या ना. माझा बैल कामाचा आहे." मी कुंचला उचलला आणि थांबलो. सणाच्या दिवशी बैल मळवायचा? एवढ्यात आमच्या घरच्या मंडळींनी आतून विचारले काय चालले आहे. ऐकून त्या देवघरातून वाटी घेऊन आल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खऱ्या बैलाची खांद शेकतो ना, तसे त्यांनी हळदतुपाचे बोट नंदीच्या खांद्यावर फिरवले, बरोबर जू बसते तिथेच. पांढऱ्या रंगावर पिवळा डाग उठला. पोराने तो पाहिला, दोरी ओढली आणि घुंगरू वाजवत बाहेर पळाला.