मातीला जागा : भंडारा ते गोसीखुर्द

भंडाऱ्याहून पवनीच्या वाटेला लागलो की पहेला, अड्याळ ही गावे मागे पडत जातात आणि दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या सोबत करतात. गावाबाहेर, नाल्याच्या नाहीतर तलावाच्या काठाला, दहनाचे टिनाचे शेड लांबूनच ओळखू येते. जवळच्या गवतात मातीचे उंचवटे असतात, उशाशी एखादा दगड. ते पाहायला मात्र थांबावे लागते. जाळणे हिंदूंचे, पुरणे इतरांचे, अशी वाटणी आपण गृहीत धरून चालतो. या जिल्ह्यात ती टिकत नाही, आणि ती खरी मानल्यामुळे पुरणाऱ्यांची जागा हिशेबातून सुटते, असे माझे म्हणणे आहे.

आपली भाषाच पाहा. सरणावर जाळायचे असले तरी माणूस ‘मातीला’ जातो, आणि ‘मयत’ हा अरबी मुळाचा शब्द हिंदू घरातही सहज बोलला जातो. दात न आलेले मूल हिंदू घरातून दफनालाच नेतात. संन्याशाला समाधी देतात. महानुभाव पंथात देह भूमीला देण्याची जुनी रीत आहे, आणि चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर हे नावानेच या भंडाऱ्याचे. गोंडांबद्दल रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात नोंदवले आहे की दफन हीच त्यांची मूळ चाल असावी आणि दहन हिंदूंच्या प्रभावाने आले. दहनाला खर्च जास्त, म्हणून ते आधी ऐपतदारांत रुजले. म्हणजे अग्नी की माती, हे धर्माइतकेच ऐपतीनेही ठरत आले. मुसलमानाची कबर इथे उत्तर-दक्षिण खणतात आणि मयताचे तोंड पश्चिमेला, काब्याकडे वळवतात. ख्रिस्ती कबरीवर क्रूस उभा राहतो. खुणा वेगळ्या, पण प्रत्येकाला लागते ती एक न हलणारी जागा.

पवनीत या विचाराला फार जुना आधार सापडतो. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप उघडा झाला. एका स्तंभावर बुद्धावर फणा धरणारा मुचरिंद नाग कोरलेला आहे आणि त्याचे नावही ब्राह्मीत लिहिलेले आहे. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. स्तूपाची कल्पनाच मुळी चितेनंतर उरलेल्या अस्थींवर रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यातून वाढली. ज्यांनी देह जाळला त्यांनाही परत येऊन उभे राहायला ठिकाण हवे होते, आणि त्यासाठी साध्या माणसांनी एकेक दगड दिला. त्याच गावात वैनगंगेच्या दगडी घाटावर आज लोक अस्थी पाण्यात सोडतात. तिथे खूण उरत नाही. तीही एक पूर्ण श्रद्धा आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

यावर आक्षेप येतो की जमीन आधीच अपुरी, ती मेलेल्यांसाठी किती अडवायची? प्रश्न रास्त आहे. पण दहनालाही काही क्विंटल लाकूड लागते, तेही कुठल्या तरी जमिनीवरच वाढते; आणि खेड्यातल्या दफनभूमीत पक्के बांधकाम क्वचितच असते, काही वर्षांनी तीच माती पुन्हा खणली जाते. दुसरा आक्षेप असा की स्मशानभूमी दिली की सगळ्यांची सोय झालीच. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाकडे पाहिले की हा आक्षेप गळून पडतो. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावे गेली. जाळणाऱ्यांचा ओटा नव्या गावठाणात पुन्हा बांधता येतो. पुरणाऱ्यांच्या आजा-पणज्यांवर मात्र पाणी चढले, ते काही उचलून आणता येत नाहीत. निदान पुढच्यांना तरी हक्काची जागा मिळायला हवी, आणि एका शेडने ती मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम २२ दहनभूमीबरोबर दफनभूमीसाठीही जमीन राखून ठेवण्याची मुभा देते, आणि अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामाला लावता येत नाही. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती : पुढच्या वेळी तलाठ्याकडे सातबारा काढायला जाल, तेव्हा आपल्या गावच्या दफनभूमीचा गट नंबरही विचारा. नोंद नसेल, तर ग्रामसभेत तो विषय मांडा.