झडतीच्या रांगेत

पहाटेचे पाच. मुंबईच्या विमानतळाबाहेर अजून अंधार आहे, पण आत सुरक्षा तपासणीच्या रांगा वळणे घेत दूरवर गेल्या आहेत. नागपूरला लेकीकडे निघालेल्या एका आजोबांच्या पिशवीतून पानाची चंची निघते आणि चंचीतून अडकित्ता.

"बाबाजी, ये नहीं जाएगा," जवान म्हणतो.

"अहो, सुपारी कातरायचा आहे तो!"

जवान हसतो, पण अडकित्ता बाजूच्या पेटीत पडतो. मोठ्या बॅगेत टाकला असता तर बिनबोभाट गेला असता. पण ती बॅग आजोबांनी मघाशीच खिडकीवर देऊन टाकलेली.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. एका तरुण प्रवाशाचा जीव गेला आणि बाकीच्यांची सुटका व्हायला ३१ डिसेंबर उजाडला. तोवर विमानतळांचा पहारा राज्यांच्या पोलिसांकडे असे. २००० साली जयपूरपासून सुरुवात करून तो केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आला. तेव्हा झडती हवीच, याबद्दल रांगेतल्या कुणाचाही वाद नसतो. वाद असतो तो झडती घेण्याच्या रीतीचा.

बायकांची तपासणी पडद्याआड, महिला जवानच करतात. ही सोय खरोखरच चांगली. त्यांची रांग मात्र बहुधा मुंगीच्या पावलांनी सरकते. कडेवर झोपलेले मूल, खांद्यावरून घसरणारा पदर, हातात बोर्डिंग पास आणि पलीकडे पट्ट्यावर एकटीच पुढे गेलेली पर्स! सगळा जीव त्या पर्समध्ये. अशा वेळी "ताई, मुलाला घेऊनच या" एवढे शब्द कानी पडले तरी बाई सैल होते.

खरी परीक्षा होते ती कृत्रिम पाय लावणाऱ्यांची. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी अपघातात पाय गमावला आणि जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंच गाठला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एका चित्रफितीत पंतप्रधानांपुढे कैफियत मांडली, की दर वेळी विमानतळावर आपल्याला तो पाय काढून दाखवायला लावतात. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. अपवादात्मक परिस्थितीतच पाय काढायला सांगावा असा नियम असल्याचेही कळवले. म्हणजे नियम सौम्य होता, वागणूक नव्हती. आणि ज्याच्या मागे नाव नाही, कॅमेरा नाही, त्याने कुणाला सांगायचे?

राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल अशा पदांना या झडतीतून सूट असते. बाकी सगळे सारखे: उद्योगपतीचा पट्टाही ट्रेमध्ये आणि कारकुनाचाही.

पलीकडच्या बाकावर आजोबा घड्याळ बांधतात, चष्मा पुसतात. चंची पुन्हा चाचपून बघतात. सुपारी अख्खीच आहे. शेजारच्या मुलाला ते विचारतात, "काय रे, नागपूरला उतरल्यावर अडकित्ता कुठे मिळेल?"