आधी अर्थिंग बघा

जुन्या डिझेल गाडीचा मालक गॅरेजला येतो तो तक्रारींची यादी घेऊनच. "मिस्तरी, सेल्फ उचलत नाही, ॲक्सिलेटर अडकतो, लाइट मंद झाल्यात. आता इंजिनच बांधून टाका." डहाणूहून नरपड, चिखले, घोलवडकडे समुद्रकाठानं फिरणारी, सकाळी शाळेची पोरं आणि दुपारी चिकूचे क्रेट भरणारी टेम्पो ट्रॅव्हलर असली, की मी आधी गाडीखाली शिरतो. इंजिनाकडून चासीला जाणारी अर्थची पट्टी बघायची. वरून ती धड दिसते; वाकवली की हिरवी भुकटी झडते. खाऱ्या हवेनं तांबं पार खाल्लेलं असतं. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर करंट जातो. त्याला पट्टीतून परतता आलं नाही, तर तो ॲक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, पॅडल अडकतं. तक्रारी तीन, दुखणं एकच. नवी पट्टी, चासीवरचा गंज पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचा, वर ग्रीस. केबल मात्र बदलावीच लागते.

या गाड्यांतलं ओएम ६१६ हे मूळ मर्सिडीजचं इंजिन, चार सिलिंडर, २.४ लिटर. बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली २००५ साली, पण आमच्याकडे नाव टेम्पोच. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे एकदा सुरू झालं की ते विजेवाचून पळतं. म्हणून लोक धक्का मारून महिने काढतात आणि वायरिंगकडे कुणी बघत नाही.

तलासरीकडची गाडी वेगळं रडगाणं आणते. पाड्यावरून भरून निघाली की चढावर दम सोडते. ड्रायव्हरचा निकाल ठरलेला: पंप गेला. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचं म्हणजे मालकाचा महिना गेला. त्याआधी मी पंपाकडे जाणाऱ्या लाइनीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडतो. बुडबुडे दिसले की टाकीपासून फीड पंपापर्यंतचे रबरी पाइप आणि तांब्याचे वायसर तपासायचे. या बाजूला डिझेल ओढलं जातं, त्यामुळे चीर पडली तरी बाहेर थेंब येत नाही, हवा आत शिरते. बहुतेकदा पन्नास-शंभराच्या मालात काम भागतं, आणि ड्रायव्हरला ते पटत नाही!

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर मात्र मी काटकसर करत नाही. हेड गॅसकेट गेलेलं असतं. पासिंगची तारीख उद्यावर आली असली, तरी हेड उतरवतोच.