चिल्ले कलानमधली पावलं
(काश्मीरची हिवाळी दैनंदिनी : भाग ४)

श्रीनगर, १० जानेवारी

२१ डिसेंबरला बसलेलं चिल्ले कलान, हिवाळ्यातले सर्वांत कडक ४० दिवस, आता ऐन भरात आहे. रात्री पारा शून्याखाली, दुपारी कसाबसा चार-पाच अंशांवर. हब्बा कदलच्या बाजूला हिंडलो. रस्त्यावर बर्फाचा चिखल, बुटांत ओल. वाळवलेल्या वांग्यांच्या माळा विकणाऱ्या बाईंच्या फेरनची, म्हणजे सैल लांब झग्याची, एक बाही रिकामी लोंबत होती. तो हात आत कांगडीवर, निखाऱ्यांच्या भांड्यावर. खोलीवर येताच सोबतच्या मावशीने पाय थेट बुखारीला, खोलीतल्या शेगडीला, लावले. "आत्ता कुठे जिवात जीव आला गं!"

११ जानेवारी

सकाळी मावशीच्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट सुजलेलं, जांभळट लाल, वरची कातडी ताणून चकाकणारी. खाजेने रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हिमदंश झाला म्हणून ती घाबरलेली. घरमालकिणीने पाहताक्षणी ओळखलं. त्यांच्या मुलीला शाळेत असताना दर हिवाळ्यात व्हायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, चिलब्लेन. हिमदंशात पेशीच गोठतात. इथे काहीही गोठत नाही. म्हणूनच शून्याच्या जरा वरच्या, दमट थंडीतही हे होतं. गारठ्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. मग एकदम शेक मिळाला की रक्त आत धावतं, पण पुढे जायची वाट अजून अरुंदच असते. द्रव आजूबाजूला झिरपतो आणि सूज, आग, खाज सुरू होते, असं मानतात. त्रास दिसायला बरेच तास जातात, त्यामुळे कालच्या बुखारीचा संबंध मावशीला पटेना.

औषध फारसं नाही. पाय कोरडे आणि उबदार ठेवायचे, खाजवायचं नाही. कातडी फुटली की जंतू शिरतात. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. वारंवार झालं तर डॉक्टर रक्तवाहिन्या सैल करणारं निफेडिपिन देतात. उन्हाळ्यातही डाग राहिले तर मात्र ल्युपससारखा आजार नाही ना, हे तपासायला हवं. मावशीला मधुमेह, म्हणून बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं: बधिर पावलांना चटका बसलेला कळत नाही, शेक नकोच.

१२ जानेवारी

कांगडीबद्दल मला मनापासून आदर आहे. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं आणि मूठभर निखारे, एवढ्यावर माणसं हा हिवाळा काढतात. पण तिचा शेक कातडीला वर्षानुवर्षं लागला की पोटा-मांड्यांवर तपकिरी जाळी उमटते, आणि त्या जागी कर्करोग होऊ शकतो. एल्म्सली या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ सालीच काश्मिरातून हे लिहून ठेवलं होतं. सुजल्या बोटांना तर ती लावूच नये.

आपल्याकडून येणारे लोक तीन-तीन मोजे चढवून बूट आवळतात, याची मला फार काळजी वाटते. त्याने रक्तच अडतं. लोकरीचा एकच जाड मोजा, बोटं हलतील असा सैल बूट, आणि ओले मोजे बदलायला पिशवीत कोरडा जोड. बाहेरून आल्यावर आधी अंगावर पांघरूण, गरम, खारट नून चहा. पाय आपसूक ऊब धरतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर या दिवसांत ती टाकावीच, तिनेही रक्तवाहिन्या आक्रसतात.

१३ जानेवारी

सूज थोडी उतरली, रंग तसाच. "खाज कमी आहे, चल गुलमर्गला," मावशी म्हणते. मी नाही म्हटलं. आज लाल चौकातून तिच्यासाठी एक नंबर मोठे बूट घेतले. गुलमर्गचं बोटं बघून ठरवू.