ससेहोलपट

ससा म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातला, कापसासारखा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा प्राणी उभा राहतो. रानातला ससा याहून अगदी निराळा असतो. विरारच्या मनवेलपाड्यातून पूर्वेकडे पाहिले की इमारतींमागे जीवदानीचा डोंगर दिसतो. तेथून दक्षिणेकडे तुंगारेश्वरचे अरण्य पसरले आहे. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या टापूला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. सह्याद्रीच्या अशा डोंगरउतारांवरील गवत हेच रानसशाचे वसतिस्थान होय.

निसर्गाने त्याला ना शिंगे दिली, ना तीक्ष्ण सुळे. तो बीळही खणत नाही. गवताच्या बुडाशी अंगापुरता एक खळगा, एवढेच त्याचे घर! दिवसभर कान पाठीवर टेकवून तो तेथे निश्चल बसतो. त्याचा मातकट रंग वाळल्या गवतात बेमालूम मिसळून जातो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला मागचे दिसते. कोल्हा अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही. आणि मग एकाएकी उसळी घेऊन नागमोडी धावत सुटतो. मागचे पाय लांब असल्याने चढावर त्याला गाठणे कठीण जाते. ज्याला लोक भित्रेपणा म्हणतात, ती खरोखर त्याची सावधगिरी आहे.

सशाची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन येतात. आपल्या वासाने शत्रू तेथे पोचू नये, म्हणून आई त्यांच्यापासून दूर राहते व दूध पाजण्यापुरतीच येते. म्हणून गवतात एकटे दिसलेले पिल्लू पोरके समजून कोणी घरी आणू नये.

परंतु ही सारी विद्या गवत उभे असेपर्यंतच उपयोगी पडते. स्कॉटलंडच्या डोंगरांवरील ससा हिवाळ्यात पांढरा होतो. आता तेथे बर्फ कमी दिवस टिकते आणि तो उघड्या जमिनीवर चटकन नजरेस येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कोणाच्या तरी हयगयीने डोंगरावर वणवा पेटतो. मोठा ससा कदाचित पळून जातो. पण पिल्ले मात्र जन्मजात सवयीप्रमाणे जागीच दबून राहतात. जी निश्चलता त्यांना कोल्ह्यापासून वाचवते, तीच आगीत त्यांचा घात करते. वाचलेल्या सशालाही काळ्या राखेवर लपायला जागा उरत नाही.

माणसाची दैना झाली की मराठीत ‘ससेहोलपट’ झाली असे म्हणतात. चोहोकडून घेरलेल्या सशाची धावाधाव त्या शब्दात साठलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सशाच्या शिकारीला बंदी आली. कायद्याने शिकाऱ्याचे जाळे आवरता येते. वाळल्या गवतावर टाकलेली जळती काडी मात्र ज्याची त्यानेच आवरली पाहिजे.