बंबाची उधारी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी उटण्याआधी मान असतो तो बंबाचा. आईने माहेराहून आणलेला हा तांब्याचा बंब एरवी वर्षभर न्हाणीघराच्या कोपऱ्यात मुकाट उभा असतो. भिंतीवरच्या गीझरला त्या एका पहाटे सुट्टी.

बंबाचे खाद्य ठरलेले : द्राक्षाच्या काड्या. माझ्या मेव्हण्याची पिंपळगाव बसवंतला बाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की काड्यांचा भारा आमच्या माळ्यावर येई आणि दिवाळीपर्यंत खडखडीत वाळे. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ओली काडी जाळायची म्हणजे आधी तिचे पाणी आटवायचे आणि मग आपले तापवायचे!

पण चार वर्षांपूर्वी मेव्हण्याने हात आखडता घेतला. काड्यांचा भुगा करून तो वेलींच्या ओळीतच टाकू लागला. म्हणाला, "दाजी, या काड्या जमिनीच्या आहेत, तुमच्या बंबाच्या नव्हेत."

मी आईकडे पाहिले. तिने चक्क त्याचीच बाजू घेतली! "अरे, उसनं घेतलं तर फेडायला नको का?"

मी राखेची सबब पुढे केली. पण राखेतून पालाश आणि चुना तेवढा मातीला परत मिळतो. नत्र धुराबरोबर निघून जाते. मग मी पांढरा कोळसा आणला. भुसा, शेंगांची टरफले असला माल यंत्रात जबर दाबतात. दाबाच्या उष्णतेने लाकडातले लिग्निन मऊ होते आणि डिंकावाचून कांडी घट्ट बसते. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने तर उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखविला. २००२ साली तिला ॲश्डेन पारितोषिक मिळाले. हे सारे मी आईला रंगवून सांगितले. कांडी हातात घेऊन तिने एवढेच विचारले, "ही कुणाच्या शेतातून आली?"

त्या पावसाळ्यात मी परसात कुंपणाशी सुबाभळीची रांग लावली. हे झाड आपल्या मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र साठवते आणि बुंध्यापासून तोडले तरी पुन्हा फुटते. खोडी एकच : शेंगा पिकू दिल्या, तर बी पडून गावभर रान माजते. शेंगा कोवळ्या असतानाच तोडण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले. भाजीची देठे, केळीची साले, निर्माल्य, सगळे घंटागाडीऐवजी परसातल्या खड्ड्यात जाऊ लागले. खत झाले की आई तसराळ्याने मोजून ते झाडांना घाली. "आधी यांना जेवू दे, मग बंबाला," म्हणायची.

फाल्गुनात पहिली तोडणी झाली. मनगटाएवढी लाकडे आईने स्वतः उन्हात मांडली, उलटीपालटी केली. आषाढात ती गेली.

यंदा आमच्याकडे फराळ नाही. शेजारणी आणून देतील. पण बंब पेटेल. पाणी तापेल तेव्हा मला कळेल की, ही ऊब तिने निवडलेल्या भाजीच्या देठांची आहे. राख निवली की ती मी तसराळ्यात भरून सुबाभळीच्या बुंध्याशी नेईन. तिथे आता नवे धुमारे गुडघ्याच्या वर आले आहेत. त्यांच्या शेंगा वेळच्या वेळी तोडायचे काम आता माझ्याकडे आहे.