झिजलेला चेहरा

जपानी किमोनोला खिसा नसतो. म्हणून पूर्वीचा जपानी पुरुष तंबाखूचा बटवा किंवा औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकवीत असे आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक चिमुकले शिल्प ओवीत असे. हेच नेत्सुके. हस्तिदंताचा नाहीतर लाकडाचा ससा, उंदीर, पेंगुळलेला भिक्षू. सारे मुठीत मावणारे. १८६८ नंतर जपानात पाश्चात्त्य पोशाख रुळू लागला, खिसे आले आणि ही शिल्पे युरोपातील रसिकांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसली.

पॅरिसच्या शार्ल एफ्रुसी यांनी अशी २६४ नेत्सुके जमविली. पुढे ती व्हिएन्नातील नातलगांकडे गेली. १९३८ साली नाझींनी त्या ज्यू कुटुंबाचे घर लुटले, तेव्हा आन्ना नावाच्या मोलकरणीने ती थोडी थोडी खिशातून नेऊन आपल्या गादीत दडविली आणि युद्धानंतर परत केली. वंशज एडमंड द वाल यांनी २०१० साली ही हकिकत ग्रंथरूपाने मांडली. आमच्या मते त्या संग्रहाची खरी धनीण आन्नाच.

गंमत अशी की जाणकार संग्राहक नेत्सुकेवरील झीज मुद्दाम शोधतात. वापराने आलेल्या त्या गुळगुळीतपणाला जपानीत ‘नारे’ असा स्वतंत्र शब्द आहे.

आपल्याकडेही ही कला बहरली. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात ‘उत्तम मेंढपाळ’ कोरला: डोंगरमाथ्यावर गालाला हात लावून निजलेला बाळ येशू, खांद्यावर कोकरू, तळाशी गुहेत पहुडलेली मग्दालिया मरिया. बाळाची बैठक पाहून बुद्धमूर्ती आठवते. अशा मूर्ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांचे चेहरे शाबूत आहेत, कारण त्यांना आता कुणी हात लावीत नाही. तेही बरेच म्हणायचे. घराघरांतून वाळवीने किती मूर्ती खाल्ल्या, याचा हिशेब कुणी ठेवला आहे?

भुईगावात आमच्या आल्तारावर संत अंतोनीची बोटभर लाकडी मूर्ती आहे. काही हरवले की हाच संत आठवायचा. बावखलाच्या काठी पडलेली कुडी शोधताना आजी मूर्ती मुठीत धरून पुटपुटत फिरे. तिच्या सासूनेही तेच केले असेल. अंगठ्यांखाली संताचे नाक गेले, डोळे पुसट झाले. एकदा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी वाडीत आला. मूर्ती उलटसुलट पाहून म्हणाला, “चेहरा शाबूत असता तर चांगले पैसे दिले असते.” आईने ती त्याच्या हातून घेतली, पदराने पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

गेल्या पावसाळ्यात नातवाची सायकलची किल्ली हरवली, तेव्हा त्यानेही आल्तारावर हात घातला. किल्ली दप्तराच्या तळाशी सापडली.